घरातला फोन आणि मंडळीची जबाबदारी: पाळक, वडीलवर्ग आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, वडीलवर्गातील बंधुभगिनींनो आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मोबाइलविषयी मंडळ्यांमध्ये बोलले जातच नाही असे नाही. उपदेशात उल्लेख येतो, तरुण संघाच्या शिबिरात एखादे सत्र होते, पालकांच्या सभेत तक्रारी निघतात. सूर बहुधा एकच असतो: मुले फार वेळ फोनवर असतात, हे बरे नाही, आवरा. घरी गेल्यावर नेमके काय करायचे, कोणत्या खोलीत, किती वाजता, फोनच्या कोणत्या सेटिंगमध्ये जाऊन, हे कोणी सांगत नाही. आणि त्याच रात्री मंडळीच्याच ग्रुपवर उशिरापर्यंत संदेश वाजत राहतात.

नुसत्या निश्चयाने फोनची सवय मोडत नाही. फोन ठेवण्याची जागा, तो हातात घेण्याची वेळ आणि त्याच्या सेटिंग्ज या तीन गोष्टी हलवल्या की ती हलते. हे काम कुटुंबाचे आहे. पण त्यासाठीचे शिक्षण मंडळी देऊ शकते, आणि त्याआधी तिने स्वतःचे घर आवरायला हवे. म्हणून सुरुवात तुमच्या हातात असलेल्या गोष्टीपासून करतो, म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपांपासून.

एका कुटुंबात मंडळीचे किती ग्रुप असतात ते एकदा मोजून पाहा. मुख्य ग्रुप, महिला मंडळ, तरुण संघ, गायनवृंद, शब्बाथ शाळेचे पालक, कमिटी, प्रार्थना साखळी, शिवाय एखाद्या जुन्या कार्यक्रमासाठी काढलेला आणि कधीच बंद न केलेला ग्रुप. घरातली चार माणसे यांपैकी दोन-तीन ग्रुपांत असली, तरी एका वाढदिवसाच्या शुभेच्छांनी दिवसभर चार फोन वाजतात. प्रत्येक वाजण्याला माणूस फोन उचलतो, शुभेच्छा पाहतो, आणि फोन हातात आहेच म्हणून दुसरीकडे जातो. मंडळीचा संदेश अशा वेळी निमित्त ठरतो.

उपाय सोपा आहे. सूचनांसाठी एकच ग्रुप ठेवा आणि ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनना द्या. आठवड्याच्या सगळ्या सूचना एकाच संदेशात, ठरलेल्या दिवशी जाव्यात. मृत्यू, अपघात, उपासनेच्या वेळेत ऐनवेळचा बदल एवढ्याच गोष्टींसाठी वेगळा संदेश. शुभेच्छा व्यक्तीला थेट द्याव्यात, किंवा त्याहून बरे म्हणजे फोन करून. रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात कोणत्याही ग्रुपवर काहीही जाऊ नये, पाळकांचे मननसुद्धा. रात्री सुचले तर लिहून ठेवा, सकाळी पाठवा. तातडीचे असेल तर फोन करा. संदेश हे तातडीचे साधन नाही, हे मंडळीने एकदा जाहीर केले की लोकांना रात्री फोन उशाशी ठेवण्याचे एक मोठे कारण उरत नाही.

प्रार्थना विनंत्यांच्या ग्रुपबद्दल मात्र अधिक काळजी हवी. तिथे आजाराचे निदान, रुग्णालयातल्या माणसाचे छायाचित्र, तपासणीचे अहवाल, एखाद्याच्या घरातला कलह हे सगळे चांगल्या हेतूने टाकले जाते, आणि काही मिनिटांत ते मंडळीबाहेर जाते. विश्वासू माणूस गुपित झाकून ठेवतो असे नीतिसूत्रे ११:१३ सांगते. नियम असा करावा: ज्याच्यासाठी विनंती आहे त्याची परवानगी, अल्पवयीन असेल तर आईवडिलांची; निदान नाही, छायाचित्र नाही, कागदपत्र नाही. ‘अमुक भगिनीसाठी या आठवड्यात विशेष प्रार्थना करावी’ एवढे पुरे असते. देवाला तपशील ठाऊक आहे. या ग्रुपमध्ये ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय, ७ दिवसांवर ठेवा.

तरुणांच्या आणि मुलांच्या ग्रुपमध्ये नेमके उलटे करायचे. तिथे संदेश आपोआप पुसले जाणे बंद असले पाहिजे, आणि ग्रुपच्या सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार ॲडमिनपुरताच असला पाहिजे, नाहीतर कोणताही सदस्य ते चालू करू शकतो. कारण सुरक्षिततेचे आहे. अल्पवयीन मुलाशी किंवा मुलीशी कोणत्याही प्रौढ सेवकाने एकट्याने खासगी संदेशांवर बोलू नये. प्रत्येक ग्रुपमध्ये किमान दोन प्रौढ असावेत आणि पालकांना ग्रुप माहीत असावा. हा नियम सर्वांना सारखा लावा, पाळकांनाही. प्रामाणिक सेवकाला त्याचा त्रास होत नाही, उलट त्याचे रक्षणच होते. मुलांची छायाचित्रे टाकताना पालकांची संमती घ्या, आणि नाव व शाळेचा गणवेश एकत्र दिसू देऊ नका. उपासनेचे थेट प्रक्षेपण होत असेल तर कॅमेऱ्याची चौकट मुलांच्या बाकांवर नसावी.

पुढे ढकललेल्या संदेशांबद्दल थोडे. जो संदेश पाच किंवा त्याहून अधिक वेळा एका चॅटमधून दुसऱ्या चॅटमध्ये फिरून आलेला असतो, त्यावर व्हॉट्सॲप दुहेरी बाण दाखवते, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. दुहेरी बाण दिसला की थांबायचे. हे कोणी म्हटले, कुठे घडले, केव्हा घडले? तिन्हींचे उत्तर मिळत नसेल तर तो पुढे जाऊ नये, मग तो छळ झालेल्या विश्वासणाऱ्यांविषयी असो किंवा चमत्काराविषयी. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा बोटाने दाबलेल्या बाणालाही लागू आहे. ‘दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल’ हा तर विश्वासच नव्हे, आणि वडीलवर्गातील कोणी तो पाठवला की सामान्य सभासदाला तो मंडळीचा शिक्कामोर्तब झालेला संदेश वाटतो.

फसवणुकीचाही प्रश्न याच ग्रुपांमधून येतो. पाळकांचे नाव आणि छायाचित्र लावून अनोळखी क्रमांकावरून ‘तातडीने पैसे हवेत’ असा संदेश सभासदांना जातो. मंडळीने एकदा व्यासपीठावरून जाहीर करावे की आम्ही संदेशातून पैसे कधीही मागणार नाही. शिवाय प्रत्येक ॲडमिनने व्हॉट्सॲपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून सहा अंकी पिन ठेवावा, आणि एसएमएसने आलेला नोंदणीचा सहा अंकी कोड कोणालाही सांगू नये.

आता घराकडे.

अनुवाद ६:७ मध्ये मुलांशी देवाच्या वचनाविषयी बोलण्याच्या चार वेळा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. फोनने नेमक्या याच चार वेळा घेतल्या आहेत. कुटुंबाने दिवसाचे सगळे तास मोजत बसण्याची गरज नाही. या चार वेळा परत घेतल्या तरी घराचा रंग बदलतो, आणि ज्या कुटुंबाला एकच जमणार असेल त्याने निजण्याची वेळ निवडावी, कारण बाकीच्या तिघी तिच्यावर उभ्या आहेत.

घरात सर्व फोनांसाठी एकच चार्जिंगची जागा करायची, झोपण्याच्या खोलीबाहेर. घरात जितके फोन तितकी सॉकेट असलेला बोर्ड, वर एखादे जास्त, कारण ‘जागा नाही’ हे पहिले निमित्त असते. ठरलेल्या वेळी, समजा ९ वाजता, सगळे फोन तिथे जातात. सगळे म्हणजे आईवडिलांचेसुद्धा. फक्त मुलांचे फोन काढून घेतले तर ती शिक्षा होते, आणि मुले शिक्षेतून पळवाट शोधतात. सुरुवातीचे दोन आठवडे फक्त मोठ्यांनीच हे करावे आणि मुलांना काहीच सांगू नये असा आमचा सल्ला आहे. ती पाहतात.

हा बेत मोडतो तो दोन कारणांनी. पहिले, गजर. फोनच गजराचे घड्याळ असेल तर तो तिसऱ्या रात्री उशाशी परत येतो. म्हणून साधे गजराचे घड्याळ आधी आणायचे, मग चार्जिंगची जागा बदलायची. दुसरे, रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनची भीती. त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, आणि त्यात म्हातारे आईवडील, पाळक, जवळचे शेजारी अशा निवडक क्रमांकांना परवानगी द्या. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत पुन्हा केलेला कॉल वाजू देण्याची सोय आहे: अँड्रॉइडवर त्याच माणसाने १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा केला तर, आयफोनवर ३ मिनिटांच्या आत केला तर. आवाज मोठा ठेवून फोन बाहेरच्या खोलीत राहू द्या. ही सोय नातेवाइकांना सांगून ठेवा: तातडी असेल तर लागोपाठ दोनदा कॉल करा.

आता उठण्याची वेळ. फोन दुसऱ्या खोलीत असला की उठल्याबरोबर तो हातात येत नाही, आणि अर्धा तास मिळतो. पवित्र शास्त्र फोनवर वाचावे का, हा प्रश्न नेहमी येतो. वाचण्यात पाप नाही. पण वचन वाचताना वरून संदेशाची पट्टी सरकली की मन तिकडे जाते. शक्यतो छापील प्रत घ्या. डोळ्यांना अक्षर मोठे हवे म्हणून किंवा प्रवासात फोनच वापरायचा असेल, तर शास्त्राची आवृत्ती आधी डाउनलोड करून ठेवा, एअरप्लेन मोड लावा आणि मग ॲप उघडा. काही ॲप सलग किती दिवस वाचले याचा आकडा दाखवतात. त्या आकड्यासाठी झोपण्याआधी घाईने एक वचन उघडले जात असेल तर ती सूचना बंद करा.

घरी बसलेले असतानाची वेळ म्हणजे जेवण आणि कौटुंबिक प्रार्थना. बऱ्याच घरांत कौटुंबिक प्रार्थना मोडली आहे, आणि ती पुन्हा सुरू करताना लोक एकदम तासाभराची योजना आखतात. ती आठवडाभर टिकते. त्यापेक्षा ती आधीच ठरलेल्या गोष्टीला बांधा: रात्रीचे जेवण संपले, कोणी उठण्याआधी, सात-आठ मिनिटे. दहा-बारा वचनांचा एक उतारा, आळीपाळीने मोठ्याने वाचलेला, एक प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. शुभवर्तमानापासून सुरू करा, कारण गोष्ट असली की मुले विचारतात. फोन तोवर चार्जिंगच्या जागी. एकाने जरी ‘मी फोनवर वाचतो’ म्हटले तरी उरलेले सगळे फोन दोन दिवसांत टेबलावर येतात, म्हणून वाचणाऱ्यांना पुरतील इतक्या छापील प्रती घरात हव्यात. नसतील तर मंडळीने द्याव्यात. घरातला कोणी दूरगावी असेल तर त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन प्रार्थना करा. हा फोनचा उत्तम उपयोग आहे, आणि मुलांना तो तसा दाखवून द्यायला हवा. पडद्यावरचा सगळा वेळ एका मापाने मोजू नये. आजीशी बोललेली वीस मिनिटे आणि आपोआप सरकणारी वीस मिनिटे सारखी नाहीत.

वाटेवरची वेळ छोटी असते. गाडी चालवणाऱ्याचा फोन आवाजासकट बंद, आणि शाळेच्या किंवा उपासनेच्या वाटेवर कोणाच्याही कानात हेडफोन नाही. इतके झाले तरी मुले आपणहून बोलू लागतात.

अगदी लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली मर्यादा स्पष्ट आहे: दोन वर्षांखालच्या बाळांना बसवून पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके चांगले. उपासनेत बाळ रडू नये म्हणून त्याच्या हातात फोन देणाऱ्या आईला दोष देऊ नका. ती आजूबाजूच्यांच्या नजरेला घाबरून देते. मागच्या बाकांवर कागद, रंगखडू, कापडी पुस्तके ठेवा, आणि मुलांच्या थोड्या आवाजाने उपासना बिघडत नाही असे पाळकांनी एकदा मोठ्याने म्हणावे. तो शब्द ऐकला की फोन पर्समध्ये राहील.

मोठ्यांच्या बाबतीत एक गोष्ट समजून घ्यायला हवी. न संपणारी पडद्याची सरक (इन्फिनिट स्क्रोल), म्हणजे बोट सरकवत राहिले की खाली नवे काहीतरी येतच राहण्याची सोय, २००६ मध्ये आझा रास्किन या रचनाकाराने तयार केली, आणि पुढे त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. पान संपले की माणूस क्षणभर थांबतो आणि उठायचे की नाही ते ठरवतो. तो थांबाच काढून टाकलेला आहे. म्हणून फक्त ‘इच्छाशक्ती कमी पडते’ असे म्हणून लोकांवर दोषाचे ओझे टाकू नका. थांबा परत कसा आणायचा ते शिकवा. यूट्यूबवर ऑटोप्ले बंद करा. त्याहून परिणामकारक म्हणजे पाहिल्याचा इतिहास पुसून तो बंद ठेवणे: तसे केले की मुख्य पानावर सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत, जे हवे ते शोधून पाहावे लागते. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्ही ठिकाणचे आपोआप डाउनलोड बंद करा. नोटिफिकेशन फक्त कॉल, माणसांनी थेट पाठवलेले संदेश, कॅलेंडर आणि बँक यांचे ठेवा.

हे करण्याआधी एक आठवडा काहीही न बदलता फक्त मोजा. अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या दोन्ही सोयी २०१८ पासून आहेत. एकूण तासांपेक्षा दिवसात फोन किती वेळा उघडला आणि किती नोटिफिकेशन आले हे दोन आकडे जास्त सांगतात, कारण तुकडे होतात ते याने. पतीपत्नीने आपले आकडे एकमेकांना दाखवावेत, मुलांना दटावण्यासाठी वापरू नयेत.

उपवासकाळाबद्दलही एक विनंती. चाळीस दिवस ॲप काढून टाकायचे आणि पुनरुत्थानाच्या रविवारी परत घ्यायचे, ही पद्धत चांगल्या भावनेची असली तरी पुढच्या महिन्यात वापर पूर्वीइतका होतो. त्याऐवजी उपवासकाळात एकच लहान बदल सुरू करा, जो नंतरही ठेवता येईल. रविवारी उपासनेनंतर संध्याकाळपर्यंत फोन चार्जिंगच्या जागी, हा तसा बदल आहे. पण त्या तासांत काय करायचे ते शनिवारीच ठरवा. कोणाकडे जायचे, कोणाला बोलवायचे, काय खेळायचे. रिकामी दुपार फोनकडेच जाते.

मुलाच्या पहिल्या फोनविषयी जरा सविस्तर, कारण चुका बहुतेक पहिल्या तासात होतात. फोन मुलाच्या हाती देण्याआधी, एकही ॲप टाकण्याआधी, त्याच्या नावाचे खाते त्याच्या खऱ्या जन्मतारखेने उघडा. अनेक पालक घाईत तारीख मागे टाकतात, कारण व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३ आहे. त्याने ते खाते वयाने मोठ्या माणसाचे ठरते आणि मुलांसाठीची सुरक्षा लागूच होत नाही. शिवाय आईबापाने इंटरनेटवर दिलेला पहिला धडा खोटे बोलण्याचा होतो. वय होईपर्यंत थांबा.

अँड्रॉइडवर पालकाच्या फोनमध्ये ‘फॅमिली लिंक’ घेऊन मुलाचे खाते जोडा. प्रत्येक नव्या ॲपला तुमची मंजुरी, दिवसाची मर्यादा आणि रात्रीची बंद होण्याची वेळ लावा. आयफोनवर ‘फॅमिली शेअरिंग’मध्ये मुलाचे खाते जोडून ‘स्क्रीन टाइम’ला वेगळा पासकोड द्या, जो फोन उघडण्याच्या पासकोडपेक्षा निराळा असेल. ॲपची मर्यादा लावताना ‘ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट’ चालू केल्याची खात्री करा. ते राहून गेले तर वेळ संपल्यावर मूल ‘इग्नोर लिमिट’ दाबून पुढे चालू ठेवते, आणि पालक समजतात की मर्यादा आहे.

राहून जाणाऱ्या फटी ठरलेल्या आहेत. ॲप बंद केले पण तीच सेवा ब्राउझरमध्ये उघडते. कपाटातला जुना फोन वायफायवर चालतो. टीव्ही आणि गेम खेळण्याचे यंत्र यांवर काहीच लावलेले नसते. घरच्या राउटरवर गाळणी (नको ती संकेतस्थळे अडवणारी सोय) लावली तरी मोबाइल डेटाला ती लागू नाही. म्हणून अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कुटुंबासाठीची गाळणी टाका, ती वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर चालते; राउटरसाठी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते घाणेरडी संकेतस्थळे अडवतात. कोणतीही गाळणी व्हॉट्सॲपवर मित्राने पाठवलेले चित्र अडवू शकत नाही, आणि व्हीपीएन ॲपने (इंटरनेट दुसऱ्या मार्गाने वळवणाऱ्या ॲपने) ती ओलांडताही येते. हे पालकांना स्पष्ट सांगा, नाहीतर गाळणी लावून ते निर्धास्त होतात.

आणि कुलपे सैल करण्याचा दिवसही आधीच ठरवा. दर सहा महिन्यांनी मुलाबरोबर बसून एक बंधन कमी करायचे, विश्वास टिकला तर. इंद्रियदमन हे आत्म्याचे फळ आहे. ते पिकायला मोकळा वारा लागतो. अठराव्या वर्षापर्यंत सगळे बंद ठेवून एकदम वसतिगृहात पाठवलेल्या मुलाला स्वतःला आवरण्याचा सराव मिळालेलाच नसतो. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, ती खिन्न होतात, असे पौल कलस्सैकर ३:२१ मध्ये लिहितो, आणि न सांगता फोन तपासणे हे चिरडीस आणण्याचे आजचे रूप आहे. तपासणार असाल तर आधी सांगा, आणि त्याच्यासमोर तपासा.

मूल अश्लील काहीतरी पाहताना सापडले, किंवा त्याने स्वतः येऊन सांगितले, तर पहिल्या पाच मिनिटांत काय बोलले जाते यावर पुढचे सारे अवलंबून असते. ‘सांगितलेस ते बरे केलेस’ हे पहिले वाक्य असू द्या. हे कुठे दिसले, कोणी पाठवले, पहिल्यांदा केव्हा, एवढे शांतपणे विचारा. आरडाओरडा झाला की मूल पाहणे सोडत नाही, सांगणे सोडते. आणि ही बाब प्रार्थना विनंती म्हणून कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. पाप एकमेकांजवळ कबूल करा असे याकोब सांगतो, पण कोणाचे पाप चव्हाट्यावर आणा असे तो सांगत नाही. तरुणांना आणि मोठ्यांनाही एक विश्वासू, परिपक्व साथी हवा (पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्री), जो आठवड्यातून एकदा सरळ प्रश्न विचारेल आणि उत्तर स्वतःजवळ ठेवेल.

याहून गंभीर प्रकार म्हणजे धमकी. अनोळखी व्यक्ती मुलाशी मैत्री करते, खासगी छायाचित्र मिळवते आणि पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो असे म्हणते. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, कारण दिल्यावर मागणी वाढते. संभाषण पुसायचे नाही. आधी स्क्रीनशॉट आणि त्या खात्याचे नाव जपून ठेवायचे, मग ब्लॉक करून तक्रार करायची आणि पोलिसांकडे जायचे. अठरा वर्षांखालच्या मुलांची अशी चित्रे पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा आहे. तिच्यात चित्र पाठवावे लागत नाही, फोनवरच त्याची आकड्यांची खूण तयार होते आणि तेवढीच पुढे जाते. मुलाला त्या रात्री एकटे ठेवू नका. त्याला वाटत असते की आयुष्य संपले. तसे नाही हे आईवडिलांच्या तोंडून आणि पाळकांच्या तोंडून त्याने ऐकायला हवे. पाळकसाहेब, असा फोन तुम्हाला येईल, तेव्हा काय सांगायचे ते आजच ठरवून ठेवा.

हे सगळे व्यासपीठावरून सांगून कोणाला जमणार नाही. त्यासाठी दीड तासाची एक प्रत्यक्ष बैठक घ्या, पालकांनी स्वतःचा आणि मुलाचा फोन घेऊन यायची. आदल्या आठवड्यात सूचना द्या: गुगल किंवा ॲपलच्या खात्याचा पासवर्ड लिहून आणा. तो आठवत नसल्यानेच अशा बैठकीतला निम्मा वेळ जातो. अँड्रॉइडवाले एका बाजूला, आयफोनवाले दुसऱ्या बाजूला. चार-पाच कुटुंबांमागे तरुण संघातला एक मदतनीस पुरे. फोन मालकाच्याच हातात राहील, मदतनीस फक्त बोटाने दाखवेल. कोणाचेही संदेश, छायाचित्रे त्याने पाहू नयेत. क्रम असा: पासवर्ड, मुलाचे खाते जोडणे, रात्रीची वेळ, ॲपची मंजुरी, नोटिफिकेशन कमी करणे. एका बैठकीत यापेक्षा जास्त घेऊ नका. ज्येष्ठांसाठी वेगळी बैठक ठेवा, कारण त्यांना मुख्य गरज फसवणुकीपासून बचाव आणि मोठे अक्षर यांची असते. तीन महिन्यांनी त्याच कुटुंबांना पुन्हा बोलवा. नवा फोन आल्यावर किंवा जुना पूर्ण पुसल्यावर यातल्या बऱ्याच सेटिंग्ज नव्याने कराव्या लागतात.

पुढच्या कमिटीच्या बैठकीत दोन ठराव घ्यावेत अशी विनंती आहे: रात्री ९ ते सकाळी ७ ग्रुप शांत ठेवण्याचा, आणि पहिल्या बैठकीची तारीख. पहिला ठराव त्याच रात्रीपासून लागू करता येईल. मदतनिसांना शिकवण्याचे काम आम्ही करू. त्यासाठी तरुण संघातल्या इच्छुकांची नावे आम्हाला कळवावीत.

ख्रिस्ताच्या सेवेतील तुमचे,
मुलांच्या व तरुणांच्या सेवेत आणि संगणकाच्या क्षेत्रात काम करणारे काही ख्रिस्ती पालक